बी फ्रिजमध्ये ठेवण्याआधी

ताज्या भागाचं हे शब्दांकन. ज्यांना ऐकायला वेळ मिळत नाही त्यांच्यासाठी, आणि ज्यांना आकडे पुन्हा नीट बघायचे आहेत त्यांच्यासाठीही. बोलताना मारलेले फेरफटके थोडे गाळलेत, बाकी बोलणं जसं झालं तसंच ठेवलंय.

या वेळचा विषय एका व्हॉइस मेसेजवरून ठरला. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका ताईंचा. त्यांच्या सासूबाई परसात तवसं लावायच्या, ज्याचं धोंडस करतात ती मोठी पावसाळी काकडी, आणि सोबत एक गावठी भेंडी. हे वाण आता गावात दुसऱ्या कुणाकडे नाहीत. सासूबाई गेल्यावर ताईंनी नवरात्राच्या सुमारास बी काढलं, धुतलं, दोन दिवस पडवीत वाळवलं आणि प्लास्टिकच्या पिशवीत घालून थेट फ्रीझरमध्ये ठेवलं. कारण सगळीकडे हेच ऐकलेलं, की बियांची बँक म्हणजे बर्फाळ तिजोरी. जूनमध्ये पेरलं तर तवशाचं एकही बी उगवलं नाही, भेंडीचीही चार-पाचच रोपं आली. त्यांचा प्रश्न होता, "थंडीनं बी मेलं का? मग ते नॉर्वेवाले कसं ठेवतात?"

प्रश्न अगदी नेमका आहे. उत्तर एका वाक्यात द्यायचं तर असं: बी टिकतं ते कोरडेपणानं, थंडीचा नंबर त्यानंतर लागतो. नॉर्वेच्या तिजोरीचे फोटो सगळ्यांनी पाहिलेत. तिथं पोचण्याआधी ते बी कित्येक आठवडे कुठल्यातरी वाळवणीच्या खोलीत पडून होतं, त्याचा फोटो मात्र कुणी काढत नाही.

आता मुळापासून बघू. बी जिवंत असतं. आत एक छोटंसं रोप, शेजारी त्याची शिदोरी, वर साल. बी झोपलेलं आहे असं आपण म्हणतो, पण झोपलेला माणूसही श्वास घेतोच ना? दमट, उबदार हवेत बी हळूहळू श्वसन करत राहतं, शिदोरी खर्चत राहतं. त्याहून मोठं नुकसान वेगळंच असतं. पेशींच्या आवरणातली तेलं हवेशी संयोग पावून खवट होतात, प्रथिनं बिघडतात, डीएनएचे धागे जागोजागी तुटतात. जिवंत रोप अशी तुटफूट रोज दुरुस्त करत असतं. कोरड्या बियाला ते जमत नाही, कारण दुरुस्तीला पाणी लागतं. म्हणजे मोडतोड साठत जाते आणि एक दिवस बी भिजलं तरी दुरुस्ती आवाक्याबाहेर गेलेली असते.

ही मोडतोड मंद करायची तर आतलं पाणी कमी करायचं. पुरेसं पाणी गेलं की पेशीतला रस इतका घट्ट होतो की तो काचेसारखा थिजतो. शास्त्रज्ञ त्या अवस्थेला काच असंच म्हणतात. गुळाचा कच्चा पाक आणि चिक्कीचा कडक पाक, हा फरक डोळ्यांसमोर आणा. कच्च्या पाकात कण इकडून तिकडे सरकू शकतात, चिक्कीत सगळं जागच्या जागी अडकलेलं असतं. रेणू हललेच नाहीत तर बिघाड तरी कसा होणार? थंडी ही काच आणखी कडक करते. पण आधी पाक चिक्कीपर्यंत यायला हवा.

जेम्स हॅरिंग्टन नावाचे अमेरिकन बीजतज्ज्ञ होते. त्यांचे दोन ठोकताळे जगभर शिकवले जातात. पहिला, बियातला ओलावा एक टक्क्यानं कमी केला की बियाचं आयुष्य साधारण दुप्पट होतं. दुसरा, साठवणीचं तापमान पाच अंश सेल्सिअसनं उतरवलं की आयुष्य पुन्हा दुप्पट. ओलाव्याचा ठोकताळा पाच ते चौदा टक्क्यांच्या टप्प्यातच चालतो, त्याच्या बाहेर त्यावर विसंबू नये.

जरा हिशेब करू. चौदा टक्के ओलाव्याचं बी आठ टक्क्यांवर आणलं तर सहा पायऱ्या झाल्या, आयुष्य चौसष्ट पट. तेच बी ओलावा न बदलता तीस अंशांच्या खोलीतून पाच अंशांच्या फ्रिजमध्ये नेलं तर पाच पायऱ्या, बत्तीस पट. म्हणजे विजेचं एक युनिटही न जाळता, नुसतं नीट वाळवून, फ्रिजच्या दुप्पट काम होतं. दोन्ही केलं तर गुणाकार होतो. कागदावर तो दोन हजार पटींच्या वर जातो, पण तो आकडा शब्दशः घेऊ नका, ठोकताळा आहे तो. कोणती पायरी आधी चढायची एवढं त्यातून कळतं, ते पुरे.

हॅरिंग्टन यांचाच म्हणून सांगितला जाणारा आणखी एक नियम आहे, शंभरचा. तापमान फॅरनहाइटमध्ये आणि हवेतली आर्द्रता टक्क्यांत, दोन्हींची बेरीज शंभराच्या आत हवी. जुलैतलं पुणं घ्या. ७७ फॅरनहाइट, आर्द्रता ८५ धरली तर बेरीज १६२. कोकणात आणखी वाईट. आपल्याकडे पावसाळ्यात उघड्या डब्यातलं बी का मरतं ते यातच आलं. कांद्याचं बी तर मुळातच अल्पायुषी, नेहमीच्या हवेत एक वर्ष काढलं तरी खूप. सोयाबीनचीही तीच रड. म्हणून तर दर मे महिन्यात कृषी विभाग कानीकपाळी ओरडत असतो की घरचं सोयाबीन आधी उगवून बघा, मग पेरा.

कोरडेपणा किती करामत करतो याचा माझा सगळ्यात आवडता दाखला थंडीशी अजिबात संबंध नसलेला आहे. मृत समुद्राजवळ मसादा नावाचा जुना डोंगरी किल्ला आहे. तिथल्या उत्खननात खजुराच्या सुमारे दोन हजार वर्षं जुन्या बिया मिळाल्या. त्यांतली एक २००५ मध्ये उगवली, झाड झालं. किल्ला वाळवंटात, उन्हाळा भाजून काढणारा, पण हवा ठणठणीत कोरडी. (इजिप्तच्या ममीजवळ सापडलेला गहू उगवला, ही गोष्ट मात्र खोटी आहे. कितीही व्हॉट्सॲप येऊ देत.)

आता ताईंच्या फ्रीझरकडे येऊ. तवशाचं बी गरातून काढतात, म्हणजे ते सुरुवातीला पाण्यानं टच्च भरलेलं असतं. नवरात्राच्या दिवसांत कोकणातली हवाच इतकी दमट की पडवीत दोन दिवस ठेवून वरची साल वाळते, आतला गर ओलाच राहतो. अशा बियाला उणे अठरा अंशांत टाकलं की आतल्या पाण्याचा बर्फ होतो. बर्फाचे खडे पेशींची आवरणं फाडतात. कोथिंबीर फ्रीझरमध्ये जाऊन आली की कशी काळी, लिबलिबीत होते, तेच आत घडतं, फक्त बाहेरून दिसत नाही. बियाचा रंग, आकार सगळं शाबूत असतं, म्हणून फसगत होते. नीट वाळलेल्या बियात मात्र मोकळं पाणीच उरलेलं नसतं, मग बर्फ कशाचा होणार? त्याला उणे अठराही बाधत नाही.

भेंडीची चार-पाच रोपं आली याचा अर्थही तोच असावा. भेंडीचं बी झाडावरच शेंगेत वाळतं, त्यामुळे त्यातल्या काही बिया बऱ्यापैकी कोरड्या असणार. त्या वाचल्या.

मग वाळवायचं कसं? इथं थोडं रेंगाळू, कारण खरं काम इथंच आहे.

ऊन चांगलं, पण कडक ऊन वाईट. मे महिन्यात गच्चीची फरशी किंवा पत्रा इतका तापतो की ओल्या बियातलं रोप अक्षरशः शिजतं. चाळीस अंशांच्या वर बी जाऊ देऊ नये, ओलं असताना तर त्याहूनही कमी. सकाळचं कोवळं ऊन, नंतर वारा खेळता असलेली सावली, चाळणीवर किंवा सुती कापडावर एकेरी थर, दिवसातून दोन-तीनदा हात फिरवायचा. संध्याकाळी आत घ्यायचं, नाही तर रात्रीचा दमटपणा दिवसभराची मेहनत परत आत ढकलतो. बी स्पंजासारखं असतं. हवा कोरडी तर ओलावा सोडतं, हवा दमट तर ओढतं. त्यामुळे कोकणात ऑक्टोबरात कितीही दिवस नुसतं पसरून ठेवलं तरी एका मर्यादेखाली ते वाळणारच नाही. आठवडा ठेवा नाही तर महिना ठेवा.

त्या मर्यादेखाली जायचं तर बंद बरणीत हवा कोरडी करायची. काचेची बरणी, झाकणाला रबराची चकती. तळाशी सिलिका जेल, तेच बुटांच्या खोक्यात पुडीत येतं ते, फक्त सुटं आणि जास्त. बियाण्याच्या वजनाइतकं घ्यावं. बी कापडी किंवा कागदी पुडीत बांधून वर ठेवायचं आणि झाकण घट्ट. छोट्या बियांना आठवडाभर पुरतो, वालासारख्या जाड बियांना जास्त लागतो. सिलिका जेलचे दाणे रंग बदलतात, निळ्याचे गुलाबी किंवा केशरीचे हिरवे झाले की त्यांचं पोट भरलं. मग मंद आचेवर, शंभर-सव्वाशे अंशांत तापवून पुन्हा वापरता येतात. निळ्या प्रकारात कोबाल्टचं क्षार असतं, ते विषारी आहे, तेव्हा स्वयंपाकाच्या भांड्यात तापवू नका, केशरीच आणा. तेही नको असेल तर तांदूळ मंद आचेवर खरपूस भाजा, घट्ट डब्यात गार होऊ द्या आणि जेलच्या जागी भरपूर प्रमाणात वापरा. जेलइतकं काम होत नाही, पण होतं.

वाळलं की नाही हे ओळखण्याच्या जुन्या युक्त्या आहेतच. दाताखाली कट्ट आवाज येतो का? काकडी-भोपळ्याची बी वाकवली तर वाकते की मोडते? मोडली पाहिजे. मिठाची परीक्षाही छान आहे. कोरड्या बरणीत बी आणि चांगलं सुकवलेलं मीठ एकत्र घालून हलवा, पंधरा-वीस मिनिटं ठेवा. मीठ काचेला चिकटलं तर बी ओलं आहे. यामागचं कारण असं, की साधं मीठ पंचाहत्तर टक्के आर्द्रतेच्या वर पाझरायला लागतं. मात्र मीठ चिकटलं नाही म्हणजे बी फ्रीझरला तयार झालं असं मुळीच नाही. बी अगदीच ओलं नाही, एवढंच त्यातून कळतं. नेमकं कळायला हवं असेल तर तीन-चारशे रुपयांत छोटा डिजिटल आर्द्रतामापक मिळतो. तो बियाण्यासोबत बरणीत रात्रभर ठेवायचा. बरणीतली आर्द्रता चाळीसच्या खाली असेल तर फ्रिज चालेल. फ्रीझरमध्ये ठेवायचं तर पंचवीसच्या आसपास आणा. माझं विचाराल तर तो एक आर्द्रतामापक सगळ्या युक्त्यांना भारी आहे.

आता पॅकिंग. प्लास्टिकची साधी पिशवी ओलावा अडवत नाही, हळूहळू आत सोडते. फ्रिजमधली हवा कोरडी असते हाही गैरसमज, दूध-भाज्या आणि सारखं उघडणारं दार यामुळे तिथं दमटपणा चांगलाच असतो. तेव्हा काचेची घट्ट बरणी किंवा जाड ॲल्युमिनियम फॉइलची सीलबंद पाकिटं. आणि फ्रिज की फ्रीझर? पाच-सात वर्षं ठेवायचं असेल तर फ्रिजचा मागचा कप्पा भरपूर झाला. जिथं रोज चार-सहा तास वीज जाते तिथं तर मी फ्रीझरचं नावही काढणार नाही. वर-खाली होणारं तापमान बियाण्याला स्थिर तापमानापेक्षा जास्त जाचतं.

बरणी बाहेर काढाल तेव्हा लगेच उघडू नका, हे फार महत्त्वाचं. थंड पाण्याचा तांब्या बाहेर ठेवला की त्याला घाम फुटतो, तसा थंड बियांना फुटतो, आणि तुमची सगळी वाळवण पाच मिनिटांत वाया जाते. रात्रभर बंद बरणी खोलीत राहू द्या, सकाळी उघडा. म्हणूनच एका मोठ्या बरणीऐवजी बऱ्याच छोट्या पुड्या कराव्यात, लागेल तेवढीच बाहेर काढता येते. आणि खूप वाळलेलं वाल, चवळी, सोयाबीन थेट पाण्यात टाकू नये. कोरडा दाणा एकदम पाणी ओढतो आणि आतून तडकतो. पेरण्याआधी एक-दोन दिवस साध्या हवेत उघडं ठेवलं की ते सावकाश माणसात येतं.

हे सगळं घरचं झालं. मोठ्या बँका वेगळं काही करत नाहीत, हेच पण काटेकोरपणे करतात. अन्न आणि कृषी संघटनेच्या मानकानुसार बी पाच ते वीस अंश तापमानाच्या, दहा ते पंचवीस टक्के आर्द्रतेच्या खोलीत वाळवायचं, मग हवाबंद करून उणे अठराच्या आसपास ठेवायचं. दिल्लीत पुशाला आपली राष्ट्रीय जनुकपेढी याच पद्धतीनं चालते, तिथं साडेचार लाखांहून जास्त नमुने आहेत. हैदराबादजवळ पाटणचेरूला इक्रिसॅटची पेढी आहे. ज्वारी, बाजरी, तूर, हरभरा, भुईमूग, म्हणजे आपलं ताटच. एकट्या ज्वारीचे नमुने चाळीस हजारांच्या घरात.

आणि ते नॉर्वेचं स्वालबार्ड. २६ फेब्रुवारी २००८ ला सुरू झालं. डोंगरात शंभर मीटरहून जास्त आत, जिथली जमीन कायमच उणे तीन-चार अंशांवर गोठलेली. यंत्रं ती उणे अठरापर्यंत नेतात, वीज गेली तरी डोंगर बराच काळ सांभाळून घेतो. तिथं बँकांनी आपल्या नमुन्यांची जादा प्रत ठेवायची, लॉकरसारखी. ज्यानं ठेवलं त्यालाच काढता येतं. आपल्याकडेही हाच विचार करून लडाखमध्ये चांग ला इथं, सतरा हजार फुटांच्या वर, डीआरडीओ आणि राष्ट्रीय पेढीनं मिळून असंच एक कोठार केलं आहे.

या लॉकरचा खरा उपयोग कधी झाला ते सांगतो. सीरियात अलेप्पोजवळ इकार्डा या संस्थेची पेढी होती. गहू, बार्ली, मसूर, हरभरा, त्या भागातले अतिशय जुने वाण. युद्ध पेटलं, तिथं काम करणं अशक्य झालं. त्यांनी आधीच स्वालबार्डला प्रती पाठवलेल्या. २०१५ मध्ये त्यांनी ३८ हजारांच्या आसपास नमुने परत मागवले, लेबनॉन आणि मोरोक्कोत पेरले, वाढवले, आणि २०१७ पासून ताजं बी पुन्हा स्वालबार्डला नेऊन ठेवलं. बघा, बी ठेवलं म्हणून वाचलं, पण संग्रह पुन्हा उभा राहिला तो शेतात पेरल्यावर.

बरं, तिजोरी म्हणून स्वालबार्डलाही अमरपट्टा नाही. २०१६ च्या शेवटी तिथं नको तेवढी ऊब पडली, पाऊस झाला, आणि पाणी बोगद्याच्या तोंडापाशी शिरलं. बियांपर्यंत गेलं नाही, पण नॉर्वेला बोगदा दुरुस्त करावा लागला.

घरी ठेवणाऱ्यांना आणखी एक सवय लावायला हवी, उगवण तपासायची. बी रोज थोडं थोडं मरतं असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात उगवण बराच काळ नव्वदच्या आसपास टिकते आणि मग काही महिन्यांत कोसळते. म्हणजे गेल्या वर्षी छान उगवलं होतं, हा यंदाचा पुरावा नाही. पेढ्यांचा नियम असा, की उगवण सुरुवातीच्या पंच्याऐंशी टक्क्यांच्या खाली गेली की ते बी पेरायचं आणि नवं करून ठेवायचं. आपणही दर एक-दोन वर्षांनी पन्नास बिया ओल्या कापडात गुंडाळून बघाव्यात. थोडंच बी असेल तर वीस चालतील. सोयाबीनला आठवडा पुरतो, वांगी-मिरचीला दोन आठवडे द्या. शेंगवर्गीयांत काही दाणे भिजतच नाहीत, ज्यांना आपण उसळ करताना गणंग म्हणतो. ते मेलेले नसतात. सालीवर सँडपेपर जरासा घासला की पाणी आत जातं.

यावरून एक जुना वाद आठवतो. फ्रीझरमधलं बी जिथल्या तिथं थांबतं. बाहेर पाऊस बदलतो, कीड बदलते, त्याला त्याचा पत्ता नसतो. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे, ज्यांना २०२० चा पद्मश्री जाहीर झाला, त्यांनी शंभराहून जास्त गावरान वाण जपले ते मुख्यतः पेरून, वाटून आणि परत गोळा करून. ज्याला बी दिलं त्यानं हंगामानंतर परत आणून द्यायचं, ही पद्धत कुठल्याही कंप्रेसरपेक्षा स्वस्त आहे. मला स्वतःला यात एकच बाजू निवडावी असं वाटत नाही, पण निवडायची वेळ आलीच तर मी पेरणाऱ्यांची निवडेन. म्हणून ताईंनाही हेच कळवलं, की त्या चार-पाच भेंड्यांच्या शेंगा झाडावरच पूर्ण वाळू द्या, त्यातलं निम्मं बी बरणीत आणि निम्मं शेजारच्या तीन घरांत. तवशासाठी माहेरच्या गावात चौकशी करा, असा वाण बहुतेक वेळा लेकीबाळींबरोबर दुसऱ्या गावी गेलेला असतो.

शेवटी, जे फ्रिजमध्ये ठेवूच नये ते. आंब्याची कोय, फणसाची आठळी, रातांबा, नारळ. यांचं बी वाळवलं की मरतं आणि गारठवलं तरी मरतं. बीजशास्त्रात १९७३ पासून यांचा वेगळा गटच केलेला आहे, रीकॅल्सिट्रंट, म्हणजे हेकट. यांची बँक म्हणजे जिवंत झाडांची बागच. प्रयोगशाळांत काही जातींच्या आतला कोंब काढून उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये ठेवतात, पण ते आपल्या घरचं काम नव्हे. फणस कापलात आणि झाड हवं असेल तर आठळ्या धुऊन त्याच आठवड्यात पिशवीत लावा.